तळ्याच्या कुलपाची किल्ली कोणाकडे?

"ताई, नमस्कार. मी सिन्नरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. पहिली ते सातवी, आवारातच अंगणवाडी. शाळेच्या मागं माजी विद्यार्थ्यांनी ४ वर्षांपूर्वी एक तळं करून दिलंय, २० बाय १२ फूट असेल, मधोमध अडीच-तीन फूट खोल, छपरावरचं पावसाचं पाणी त्यात येतं. मी पाचवी-सहावीच्या मुलांना तिथं नेऊन शिकवायचे. मागच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गावात शेततळ्यात दोन सख्खे भाऊ बुडून गेले. तेव्हापासून आमच्या मुख्याध्यापकांनी तळ्याला काटेरी तार मारून कुलूप घातलंय. पालक म्हणतात बुजवूनच टाका, डास होतात, साप येतात, आणि उद्या पोरगं पडलं तर? मला वाटतं मुलं तिथं जे शिकतात ते वर्गात नाही होत. पण रात्री झोपताना मलाही तेच वाटतं, की उद्या खरंच काही झालं तर? मी उगाच हट्ट धरतेय का?"
— एक शिक्षिका

अगं, "तुम्ही" लिहायला घेतलं होतं पण पत्र वाचून झाल्यावर नाही जमलं, माझ्या मुलीच्या वयाची असशील, तेव्हा तू म्हणते, राग मानू नकोस.

पहिल्यांदा एक सांगते. तुझे मुख्याध्यापक भित्रे नाहीयेत. काही झालं तर चौकशी त्यांचीच होणार आणि सस्पेंड पण तेच होणार, आणि त्याहून मोठं म्हणजे त्या घरी जाऊन उभं त्यांनाच राहावं लागणार. तुझ्या पत्रात त्यांच्याबद्दल जरा फणकारा दिसला मला, तो आधी काढून टाक, कारण हे काम त्यांना बाजूला ठेवून होणार नाही. आणि तुला जी झोप लागत नाही ना, ती तशीच राहू दे थोडी. पाण्याजवळ पोरं नेणाऱ्या माणसाला पूर्ण शांत झोप लागत असेल तर मला त्याचीच जास्त भीती वाटते.

माझी स्वतःची गोष्ट सांगते, कधी फारशी सांगितली नाही कुणाला. नोकरीला लागून तिसरं की चौथं वर्ष, एका तालुक्याच्या गावातलं हायस्कूल, मी सातवीची चाळीस पोरं घेऊन गावतळ्यावर गेले, सोबत एक शिपाई मामा. मी हौशी, उत्साही, एका पोराच्या हातातल्या बाटलीत टाचणीची (चतुरासारख्याच पण बारीक किड्याची) अळी सापडली म्हणून सगळ्यांना हाक मारली, "इकडे या, इकडे बघा!" आणि सगळी पोरं एका बाजूला धावली. घाटाच्या पायरीवर शेवाळ होतं. एक मुलगी कधी आत गेली ते कुणालाच कळलं नाही. मला कळलं नाही. माझी पाठ होती आणि मी त्या अळीच्या शेपटाकडच्या तीन पानांसारख्या कल्ल्यांबद्दल बोलत होते. आवाज म्हणशील तर काहीसुद्धा आला नाही, ना किंकाळी ना हातपाय मारल्याचा आवाज. मामांचं लक्ष गेलं, पाण्यावर नुसती तिची वेणी आणि रिबीन दिसत होती, त्यांनी वेणीला धरून ओढली. ती खोकली, रडली, अर्ध्या तासाने हसायला पण लागली. मी पुढची ७-८ वर्षं एकाही वर्गाला पाण्याजवळ नेलं नाही.

त्या दिवशी दोन गोष्टी शिकले आणि त्या दोन्ही तुला उपयोगाच्या आहेत. एक, माणूस सिनेमात बुडतं तसं ओरडत बुडत नाही, तोंड पाण्याबाहेर आलं की ते श्वास घ्यायला धडपडतं, हाक मारायला त्याच्याकडे श्वासच शिल्लक नसतो. दुसरी, जो शिकवतो त्याला राखण करता येत नाही. चूक माझी एकटीची नव्हती, शेवाळाची पण होती, चाळीस पोरांची पण होती, पण मुळात मी एकटी दोन कामं करत होते हे खरं.

म्हणून तुझ्या तळ्यासाठी माझी पहिली आणि जवळपास एकमेव अट हीच आहे, की तळ्यावर तास असेल तेव्हा एक मोठा माणूस असा हवा की ज्याला किडे, बेडूक, कमळ, कशातही इंटरेस्ट घ्यायची परवानगी नाही. त्याने फक्त पोरं मोजायची आणि पाण्याकडे बघायचं, मोबाईल तुझ्याकडे जमा. आमच्याकडे नंतर आम्ही त्याला पाणराखा म्हणायचो आणि तो शब्द पोरांनाही आवडायचा. कोण होईल पाणराखा? खिचडी करणाऱ्या ताई सकाळी अर्धा तास मोकळ्या असतात का बघ, शाळा व्यवस्थापन समितीतले पालक आहेत (कायद्याने त्या समितीत ७५ टक्के पालकच असतात, फक्त सहीपुरते बोलवायचे नाहीत), एखादे रिटायर्ड आजोबा पण चालतील पण डोळ्यांनी धड दिसणारे आणि पोहता येणारे असले तर सोन्याहून पिवळं. पाणराखा नाही आला तर तास वर्गात, विषय संपला, "आज चालवून घेऊ" नाही.

आता बुजवायचं का ते. माझं मत आहे की नको, आणि कारण नुसतं निसर्गप्रेम नाहीये. तू नीट बघ, ते दोन भाऊ शाळेच्या तासाला गेले नव्हते. उन्हाळ्याची सुट्टी, दुपार, मोठी माणसं कामावर, अशाच वेळी हे होतं बहुतेक. तुमचं तळं बुजवलंत तरी त्या पोरांच्या घराच्या वाटेवर शेततळी राहणारच आहेत, तुमच्या भागात तर डाळिंब-द्राक्षांच्या मागं पायलीला पन्नास शेततळी आहेत. २०१६ मध्ये "मागेल त्याला शेततळे" योजना आली त्यात मोठ्यात मोठं तळं ३० बाय ३० मीटर आणि खोली ३ मीटर, म्हणजे सरळ दहा फूट, आणि त्यात प्लॅस्टिकचा कागद अंथरला की ते तळं न राहता घसरगुंडी होते. पट्टीचा पोहणारा पण बाहेर येऊ शकत नाही, कारण हाताला धरायलाच काही नसतं, ओला कागद, त्यावर शेवाळ आणि उतार. आणि एक बुडतोय म्हणून दुसरा उडी मारतो, मग तिसरा. ज्या मुलाने कधी पाण्याच्या काठावर शिस्तीत बसून बघितलंच नाहीये, ज्याला फक्त "जाऊ नको" एवढंच माहितीये, ते मूल एक दिवस जातंच. शाळेचं अडीच फुटी तळं हे त्या दहा फुटी कागदाच्या तळ्याची भीती शिकवायची जागा आहे, असं मुख्याध्यापकांना सांगून बघ. मला वाटतं हे त्यांना पटेल, फुलपाखरं-बिलपाखरं त्यांना नंतर सांग.

आणि एक प्रयोग करच. कुणाकडे तरी शेततळ्याचा जुना फाटका कागद पडलेला असतो, दोन-तीन मीटरचा तुकडा आण. शाळेत मुरमाचा किंवा मातीचा ढिगारा असेल त्याच्या उतारावर अंथर, वरची कड दगडांनी दाब, बादलीभर साबणाचं पाणी ओत आणि वर्गातल्या सगळ्यात दांडगट पोराला सांग, चढून दाखव. खाली मऊ माती असू दे, दोघं बाजूला उभे राहा. चढताच येत नाही. बाकीचे हसतात, मग दुसरा येतो, तिसरा येतो, कुणालाच जमत नाही. मग त्याच कागदावर वरून एक गाठी मारलेला दोर सोड, आता चढ म्हण. सरसर चढतात. हे बघितलेलं पोर शेततळ्याकडे वेगळ्या नजरेने बघतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे घरी जाऊन बापाला विचारतं, की आपल्या तळ्याला दोर आहे का? चारी बाजूंनी गाठीचा दोर किंवा टायर बांधून सोडायचे, भोवती कुंपण करायचं, हे शेतकऱ्याला फार महागात जाणारं काम नाहीये, पण कुणी मागं लागलं तरच होतं. मागं लागायला पाचवीच्या पोरांइतकं चिवट कोणी नाही.

आता तुझ्या तळ्याकडे येऊ. कुलूप बरोबर आहे, ठेवायचं. काटेरी तार मात्र चूक आहे. मोठ्या माणसाला ती तार अडवते, लहान पोराला ती शिडी वाटते किंवा दोन तारांमधून सरपटत जायची जागा वाटते, आणि तुमच्या आवारात अंगणवाडी आहे हे तू पत्रात एका शब्दात लिहून पुढं गेलीस, माझ्या मते सगळ्यात मोठा धोका तोच आहे. तीन वर्षांचं मूल अडीच फूट पाण्यात उभं राहिलं तर पाणी जवळपास त्याच्या गळ्याला, आणि ते उभं राहात नाही, तोंडावर पडतं. तेव्हा चेनलिंक जाळी, निदान चार फूट उंच, आडवे पाइप आतल्या बाजूला, म्हणजे पाइपांवर पाय ठेवून चढता येत नाही. खालून फट नको. गेट आपोआप बंद होणारं आणि कडी वर, मोठ्या माणसाच्या हाताला येईल अशी. पत्रा मारू नका, पत्र्याआड काय चाललंय ते दिसत नाही आणि पोराला तेच पाहिजे असतं. जाळीला लागून टाकी, दगड, जुने बेंच काही ठेवायचं नाही, सरकारी शाळेत जुने बेंच नेमके तिथंच रचलेले असतात, मी किती बघितलेत! पैसे निघत असतील तर वेल्डिंगवाल्याकडून अँगलच्या फ्रेमवर जाड वेल्डमेश जाळी करून पाण्याच्या पातळीलगत बसवता येते, पोराचं वजन पेलेल अशी, कमळ-कुमुदिनी त्यातून वर येतात. अंगणवाडी आहे म्हणून मी तर म्हणेन की ग्रामपंचायतीकडे आधी यासाठीच पैसे माग.

किल्ली? किल्ली दोनच जणांकडे, तुझ्याकडे आणि मुख्याध्यापकांकडे. पोराला "जा रे, किल्ली घेऊन गेट उघडून ठेव" असं कधीच नाही. आणि उन्हाळ्याच्या, दिवाळीच्या सुट्टीत किल्ली कोणाकडे, आठवड्यातून कोण चक्कर मारणार, हे समितीच्या बैठकीत ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवा. पालकांकडून संमतीपत्रं घ्याच, पण त्यावर सही झाली म्हणजे आपली जबाबदारी संपली असं मनात पण आणू नकोस. त्या कागदाचा खरा उपयोग एवढाच की पालक एकदा तळ्याबद्दल नीट वाचतात.

मुलं काठावर कशी बसतात हे कधी निरखलंयस का? आपली पोरं उकिडवी बसतात, टाचा उचललेल्या, गुडघे पुढं, आणि डोकं पाण्याकडे झुकवतात. मागून कुणी नुसता खांदा लावला की गेलं पुढं. काठावर दुमडलेलं गोणपाट टाक आणि दोन्ही गुडघे टेकून, मांड्या पोटऱ्यांवर टेकवून बसायचं, नमाजाला किंवा वज्रासनात बसतात तसं. एवढ्या एका बदलाने पडणं किती कमी होतं ते तूच बघशील. काठापासून तीन फुटांवर चुन्याची रेघ मार. रेघेच्या आत एका वेळी चारच जण, बाकीचे रेघेबाहेर, आणि त्यांना काम असलं पाहिजे, रिकामं पोर रेघ ओलांडतंच. जोड्या लावून दे. अधूनमधून कधीही तू "जोडी!" म्हणालीस की प्रत्येकाने आपल्या जोडीदाराचा हात धरून वर करायचा, ज्याचा हात एकटा तो लगेच दिसतो. माझ्या त्या दिवशी हे असतं तर... असो.

एक ५ लिटरचा रिकामा कॅन झाकण घट्ट लावून वीस-पंचवीस फूट नायलॉनच्या दोराला बांध, दोराच्या दुसऱ्या टोकाला हातात धरायला फास, आणि तो कुंपणाच्या खांबाला आतून कायम टांगलेला हवा, कपाटात नव्हे. शेजारी एक लांब बांबू. कॅनमध्ये थोडंसं पाणी राहू दे, म्हणजे फेकल्यावर लांब जातो. महिन्यातून एकदा मैदानावर फेकायची स्पर्धा घे, मुलींचा नेम जास्त चांगला असतो असा माझा अनुभव आहे. त्यांच्या डोक्यात एकच बसलं पाहिजे, कुणी पडलं तर उडी मारायची नाही, ओरडायचं, फेकायचं, ओढायचं. दोर नसेल तर ओढणी, साडी, फांदी, चालेल ते, पण स्वतः पालथं झोपून.

आणि तू, मुख्याध्यापक आणि तो पाणराखा, तिघांनी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन कृत्रिम श्वास आणि छाती दाबायचं एकदा हाताने शिकून या. व्हिडिओ बघून नाही येत ते. आपल्याकडे अजून बुडालेल्याला उलटं धरतात, पोट दाबतात, खांद्यावर टाकून गरागरा फिरवतात, पाणी काढायला म्हणून. त्यात वेळ जातो आणि पोटातलं वर येऊन श्वासनलिकेत जातं. बुडालेल्याला हवा पाहिजे असते, तोंडाने श्वास देणं आधी, पाण्याचं नंतर. १०८ चा नंबर पोरांना पण पाठ हवा. आणि पाण्यातून काढलेलं मूल हसतंय-खेळतंय असं वाटलं तरी त्या दिवशी डॉक्टरला दाखवायचंच, मी तेव्हा दाखवलं नव्हतं, मला माहीतच नव्हतं.

पालकांच्या डासांच्या तक्रारीवर जरा थांबते, कारण ती खोटी नाहीये आणि पूर्ण खरीही नाही. डेंग्यूचा डास तळ्यात नाही वाढत, त्याला टायर, कूलर, रांजण, कुंडीखालची ताटली असलं साठवलेलं पाणी लागतं, म्हणून तर आरोग्यवाले आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात. शाळेच्या गच्चीवरची बिनझाकणाची टाकी तुझ्या तळ्यापेक्षा जास्त डास देत असेल, आधी ती बघून ये. तळ्यात चतुराच्या अळ्या, पाणकिडे, बेडूकमासे असले की डासांच्या अळ्या फार टिकत नाहीत. पण तोंडाने सांगू नकोस, पालकांना दाखव. लांब दांड्याचा पांढरा डाव किंवा वाटी घे, काठाकाठाने १० वेळा पाणी उचल, प्रत्येक वेळी अळ्या मोज आणि वहीत लिही, दर शनिवारी, मुलांकडून. पाण्याला समांतर आडवी पडलेली दिसली तर ती मलेरियाच्या डासाची, डोकं खाली करून तिरकी लटकलेली दिसली तर दुसऱ्या जातीची. अंड्यापासून डास व्हायला पावसाळ्यात साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्याची नोंद पुरते. दोन-तीन आठवडे अळ्या सापडतच राहिल्या तर मलेरियावाल्यांकडून गप्पी मासे मिळतात. मी स्वतः लगेच टाकणार नाही, कारण गप्पी बाहेरचे आहेत, डासांच्या अळ्या खातात तसेच छोटे बेडूकमासे पण सोडत नाहीत, आणि पुराच्या पाण्याबरोबर ओढ्यात गेले की गेले. चिलापी किंवा मांगूर कुणी प्रेमाने आणून दिला तर हात जोडून परत पाठव.

सापांचं थोडक्यात. तळ्यावर दिसणारा बहुतेक वेळा दिवड असतो, बिनविषारी, पण चावरा आणि तापट, बेडकामागं आलेला असतो. म्हणून साप बघून आपण ठरवायचं नाही की कोणता, घोणस पण गवतात तशीच पडलेली असते. तासाच्या आधी पाणराख्याने काठीने गवत ठोकत एक फेरी मारायची, कुंपणाच्या आत गवत कापलेलं आणि दगडांचे ढीग नकोत, बस. दिसला तर सगळ्यांनी मागं, तास संपला, उद्या. चावलाच तर ना कापायचं ना आवळून बांधायचं, हलवायचं कमी आणि सरळ सरकारी दवाखाना.

साप येतात ते बेडकांमागं, उंदीर येतात ते खिचडीमागं. पोषण आहाराची उरलेली खिचडी तळ्याच्या बाजूला कोण टाकतं ते शोध. उंदीर-गुरांच्या मुतातून लेप्टो नावाचा तापाचा आजार होतो, पाण्यातून आणि पायाच्या भेगेतून, जखमेतून शिरतो. ताटं तळ्यावर धुवायची नाहीत, गोठ्याचं पाणी उतारावरून तळ्यात येत नाही ना ते बघ, ज्याच्या हातापायाला जखम त्याने त्या दिवशी वही धरायची, पाण्यात हात नाही, आणि तास झाल्यावर साबणाने हात, मगच खिचडी. तळ्यावर गेल्यावर पुढच्या दोन-तीन आठवड्यांत कुणाला ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल असं झालं तर डॉक्टरला तळ्याचं सांगायला पालकांना सांगून ठेव.

हुश्श. एवढं सगळं वाचून तुला वाटेल यापेक्षा बुजवलेलं बरं. नाही गं, हे एकदा बसलं की तासाला पाच मिनिटं लागतात, मग उरलेला वेळ तुझा.

आणि त्या वेळात काय करायचं तर माझा एकच हट्ट आहे, दर वेळी नवीन काहीतरी दाखवायचं नाही, तीच जागा, तेच चार कोपरे, पुन्हा पुन्हा. बांबूच्या टोकाला चहाची गाळणी बांध, आइस्क्रीमचा पांढरा डबा घे, स्टीलचं ताट नको, ते चमकतं आणि काही दिसत नाही. पाणवनस्पतींच्या मुळांशी गाळणी फिरवून डब्यात झटकली आणि मिनिटभर सगळे गप्प बसले की डबा हलायला लागतो. बोटाच्या पेराएवढा एक चपटा तपकिरी पाणकिडा असतो, जुलै-ऑगस्टमध्ये बघ, त्याच्या पाठीवर पिवळसर मोत्यांसारखी अंडी दाटीवाटीने चिकटवलेली असतात. ती आई नव्हे, बाप. मादी अंडी त्याच्या पाठीवर चिकटवून निघून जाते आणि हा पिल्लं निघेपर्यंत पाठ पाण्याच्या वर-खाली करत त्यांना हवा देत बसतो. एकदा एक मुलगा हे ऐकून बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "बाई, याला सोडून देऊ या ना लवकर." (हाताने धरू नका मात्र, हा किडा आणि पाठीवर पोहणारा तो छोटा किडा, दोघं चावतात आणि गांधीलमाशीसारखं झणझणतं. चमच्याने उचलायचं.) चतुराची अळी सापडली तर तिच्या मागून पाण्याची पिचकारी सुटते ते बघायचं, ती त्याच बाजूने श्वास पण घेते, हे कळल्यावर सहावीचा वर्ग किती हसतो ते मी सांगायला नको. त्यातला एक पिवळसर चतुर पाऊस संपल्यावर झुंडीने निघतो, मालदीववरून थेट आफ्रिकेपर्यंत समुद्र ओलांडतो असं अभ्यासकांचं म्हणणं आहे. सिन्नरच्या तळ्यातून आफ्रिका, भूगोलाचा तास झाला की तिथेच.

जुनी सीडी घे, चार भाग करून काळे-पांढरे रंगव, मधल्या भोकातून दोरी, खाली वजन. सोडत जायचं आणि दिसेनाशी झाली की दोरीला खूण. इटलीत १८६५ मध्ये सेकी नावाच्या माणसाने पांढऱ्या थाळ्या पाण्यात सोडून हेच केलं होतं, अजून जगभर तळ्यांचा गढूळपणा असाच मोजतात. आणि तळ्यात एक रंगवलेली पट्टी उभी कर, इंच-इंच खुणा, दोन फुटांच्या वर लाल. पोरं रोज सकाळी पातळी लिहितील, किती पाऊस पडला, किती वाफ झाली, जानेवारीत किती उरलं, अख्खं गणित त्यात आहे. आणि पाणी लाल पट्ट्यात असेल त्या दिवशी तळं बंद, हा नियम तू सांगायचा नाहीस, पट्टी वाचून त्यांनीच सांगायचा. मला सगळ्यात आवडलेली युक्ती हीच आहे, कारण लाल असताना कुणी गेटकडे सरकलं तर पोरंच बोंब मारतात, "ए, लाल आहे!"

परतीच्या पावसात दुपारी ढग भरून येतात तेव्हा मात्र पाणी लालच्या खाली असलं तरी नको, विजा होतात. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेचं विजेचा इशारा देणारं "दामिनी" ॲप मोबाईलमध्ये असू दे. तुम्ही शनिवारी दप्तर न आणता येत असाल तर शनिवार सकाळ सगळ्यात बरी, ऊन कोवळं असतं आणि पालक पण मोकळे मिळतात.

तेव्हा हट्ट धरतेयस का? हो, धरतेयस, धर. पण मुख्याध्यापकांकडे जाताना "तळं उघडा" म्हणून जाऊ नकोस. चेनलिंक जाळीचं कोटेशन, पाणराख्याचं नाव, दोर बांधलेला कॅन आणि आरोग्य केंद्रात शिकायला जायची तारीख, एवढं हातात घेऊन जा, आणि पहिल्या तासाला त्यांनाच पाणराखा कर. मनाई करणाऱ्या माणसाइतकी चांगली राखण दुसरं कुणी करत नाही.

ता.क. गणपतीत शाळेची मूर्ती शाडूची आहे म्हणून त्याच तळ्यात विसर्जन करायचा उत्साह कुणाला तरी येईल, मास्तरांनाच येईल बहुतेक. एवढ्याशा तळ्यात शाडूचाही गाळ बसतो, रंग उतरतात, आणि मिरवणुकीत चुन्याची रेघ कुणाला दिसत नाही. बादलीत करा आणि ते पाणी झाडाला घाला.